कापडावरची खिडकी

इमारतीवर छापील कापड टांगून झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या फुटपाथवर उभं राहून रंग बघायचे, ही त्याची जुनी रीत होती. छापखान्यात जो दगड छान पिवळसर दिसतो, तोच उन्हात कधी कधी कावीळ झाल्यासारखा दिसतो, आणि मग कंत्राटदाराच्या ऑफिसातल्या बाईंचा फोन येण्याआधी आपणच त्यांना फोन केलेला बरा. म्हणून तो गेला. टोपीवाल्याच्या बंद दुकानाच्या पायरीवर उभा राहिला आणि डोळ्यांवर हात धरून खालून वर एकेक मजला बघत गेला. कमानी ठीक होत्या. खांबांच्या सावल्या ठीक होत्या. दुसऱ्या मजल्याच्या कठड्यापाशी कापडाच्या दोन पट्ट्यांचा जोड जरासा चुकला होता, पण सांगितल्याशिवाय तो कोणाच्या बापाला कळला नसता. तिसऱ्या मजल्यावर डावीकडच्या खिडकीत त्याची बायको उभी होती. तिचा हिरवा स्वेटर छपाईत निळसर उतरला होता. हिरव्याचा नेहमीच घोटाळा होतो, असं त्याच्या मनात आलं, आणि तो चौथ्या मजल्याकडे वळला. छपराची कड तपासली, वरच्या कोपऱ्यात कापडाला पडलेली सुरकुती पाहिली, खिशातून फोन काढला, आणि तेव्हा कुठे त्याचे डोळे पुन्हा एक मजला खाली उतरले. बायको जाऊन सहा महिने होत आले होते.

फोन हातात तसाच धरून तो उभा राहिला. आता आपल्याला काहीतरी व्हायला हवं, असं त्याला वाटलं, आणि ते काय होतं आहे याची त्याने वाट पाहिली. काही झालं नाही. दाढ काढताना सुई देतात, त्यानंतर ओठ आपलाच असतो, बोटाने चाचपडला तर सापडतोही, पण कोणा दुसऱ्याचा चाचपडावा तसा. त्याचं हे असं सहा महिने चाललं होतं. बायकोला स्मशानात पोचवून घरी आल्यावर त्याने धुण्याच्या यंत्रात राहून गेलेले ओले कपडे दोरीवर वाळत घातले होते. त्यात तिचेही होते. तिच्या बाह्या नीट सरळ करून, झटकून, चिमटे लावून. थोरली बहीण मागे दारात उभी राहून ते बघत होती आणि शेवटी तोंडाला पदर लावल्यासारखा हात लावून आत निघून गेली. अजूनही ती दर रविवारी फोन करते आणि इकडचं तिकडचं बोलून झालं की विचारते, "रडलास का रे एकदा तरी?" तो म्हणतो, "हो, हो." मग ती म्हणते, "खोटं बोलतोस," आणि फोन ठेवते. ताईचं खरं असतं. पण यात आपण काय करायचं, हे ताई कधी सांगत नाही.

गावाचा हा जुना भाग गेली काही वर्षं असा कापडाखाली चालला होता. पूर्वी इथे पेढ्या होत्या, घड्याळांची दुकानं होती, वकिलांच्या पाट्या होत्या, आणि वरच्या मजल्यांवर एकेका खोलीत कोणी चष्म्याच्या काचा घासत, कोणी पुस्तकांना पुठ्ठे चढवत, कोणी कसली कसली छोटी यंत्रं दुरुस्त करत बसलेलं असे. आता एकेक इमारत घ्यायची, आतली माणसं काढायची, आतले मजले काढायचे, पुढची भिंत तेवढी लोखंडी टेकूंवर उभी ठेवायची आणि मागे नवं काहीतरी काचेचं बांधायचं, असा धंदा निघाला होता. रस्त्यावरून दिसतं तेवढं जुनं राहिलं पाहिजे, असा नियम होता. नियम पाळायला फारसं अवघड नव्हतं, कारण रस्त्यावरून जाणारा कधी मान मागे टाकून बघत नाही. काम चालू असेपर्यंत परांची दिसू नये म्हणून तिच्यावर इमारतीचाच फोटो छापलेलं जाळीचं कापड टांगायचं, खऱ्या इमारतीच्या मापाचं, वीट तर वीट आणि खिडकी तर खिडकी. हे फोटो तो काढायचा. रस्त्याच्या एका टोकाला उभं राहिलं तर आताशा ओळीने त्याच्याच इमारती दिसत, वारा सुटला की किंचित पोट फुगवणाऱ्या. कापड उतरल्यावर लोक म्हणत, कापडच बरं होतं. हे ऐकून पूर्वी त्याला हसू यायचं, आणि तो घरी जाऊन ते बायकोला सांगायचा.

घरी पोचायच्या आतच कंत्राटदाराच्या बाईंचा फोन आला.

"बघितलंत का तुम्ही? तिसऱ्या मजल्यावर एक बाई आहे."

"हो. बघितली."

"अहो, पण ती आली कुठून? तुमच्या चित्रात कधी माशी राहत नाही."

"राहिली."

"राहिली काय! मालक परवा पाहुण्यांना घेऊन येतायत. म्हणतात, लोकांना वाटेल जुने भाडेकरू अजून आतच आहेत. आधीच त्या प्रकरणाने डोक्याला ताप झालाय. वरून ठिगळ लावता येईल ना?"

"येईल. बंद खिडकीचं लावू."

"लावा बाई एकदाचं. पण कोण आहे हो ती?"

"तिथे कामाला असेल कोणी," तो म्हणाला, आणि हे काही खोटं नव्हतं, म्हणून त्याचा आवाजही हलला नाही.

ती खरंच तिथे कामाला होती. तिसऱ्या मजल्यावर, सगळे मावशी म्हणत त्या बाईंची कवळ्या बनवायची खोली होती आणि लग्नाआधीपासून ती तिथे जायची. गावातले दंतवैद्य तोंडाचे ठसे पाठवत, या दोघी त्यावरून मेण लावून, साचे भरून दात बसवत. तिच्या टेबलावर शहरातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांचं हसू वाळत पडलेलं असे. लग्नानंतर सुरुवातीला तो तिला न्यायला जात असे तेव्हा एकदा तिने त्याला तोंड उघडायला लावून दिवा धरून पाहिलं होतं आणि म्हणाली होती, "म्हातारपणी तुझी मीच करणार. दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही." त्यानंतर न्यायला जाणं कधी थांबलं, हे त्याला आठवत नव्हतं. असं काही थांबतं तेव्हा ते थांबलं म्हणून कोणी सांगत नाही. एक दिवस काम असतं, एक दिवस पाऊस असतो, मग दोघांनाही सवय होते आणि दोघं घरीच भेटू लागतात, जेवायच्या टेबलाशी, दिवसाच्या उरल्यासुरल्या तुकड्यात. भांडण नव्हतं. कोणी विचारलं असतं तर दोघांनीही बरं चाललंय असंच सांगितलं असतं. मावशींना नोटीस आली, इमारत रिकामी करायची ठरली आणि नेमकं त्याच इमारतीच्या फोटोचं काम त्याच्याकडे आलं, तेव्हा तो जेवताना तिला म्हणाला होता, "तुमच्या इमारतीचं मीच करतोय." ती म्हणाली, "बरं झालं. तू नीट तरी करशील." एवढंच.

ठिगळ करायला तो संगणकासमोर बसला. खिडक्या सगळ्या एका साच्याच्या, शेजारची बंद खिडकी उचलून या खिडकीवर ठेवायची आणि सावली जुळवायची, एवढंच काम होतं. पण ती राहिली कशी, हे त्याला कळेना, आणि कामातली चूक कळली नाही की त्याला दुसरं काही सुचत नसे. कारण त्याची पद्धत अशी होती, की माणसं आपोआप जावीत. कॅमेरा स्टँडवर एकदा पक्का बसवायचा आणि सकाळभर त्याच जागेवरून थोड्या थोड्या वेळाने फोटो घेत राहायचं. मग ते सगळे एकावर एक ठेवायचे आणि संगणकाला सांगायचं, जे बहुतेक सगळ्यांत आहे तेवढं ठेव. गाड्या जातात, माणसं जातात, पाखरं जातात, उडते पडदे जातात. भिंत हलत नाही म्हणून भिंत राहते. या पद्धतीने त्याने अख्खा जुना भाग पुसून काढला होता. त्याच्याजवळ एकेक रस्ता होता, सकाळच्या स्वच्छ उन्हातला, आणि एकाही रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. नंतर तो एकेक खिडकी मोठी करून डोळ्यांनीही बघायचा, काही चुकार राहिलंय का. या इमारतीतही त्याने बघितलं होतं, बायको असतानाच. एका गजाला अडकवलेला शर्ट त्याने पुसला होता. शेजारच्याच खिडकीच्या पट्टीवर एक मांजर सबंध सकाळ झोपून होतं, ते न हलल्यामुळे चित्रात उरलं होतं. त्याला पुसायला त्याने चांगला अर्धा तास घातला होता, शेपटी दगडाच्या सावलीत गेली होती म्हणून. तिथून तिची खिडकी एका हातावर होती. ती त्याला दिसली नव्हती असं म्हणता येत नव्हतं. घरातलं माणूस घरात दिसावं तशी ती दिसली असणार, आणि नजर पुढे गेली असणार.

त्याने मूळचे फोटो उघडले आणि एकामागून एक बघू लागला. सुरुवातीच्या फोटोंत खिडकी रिकामी होती. मग एकात ती आली. पुढच्यात होती. त्याच्या पुढच्यातही होती. खाली रस्त्यावर माणसं बदलत होती, एक माल उतरवणारी गाडी आली आणि गेली, समोरच्या छपराची सावली तिच्या तोंडावरून गळ्यावर आणि गळ्यावरून स्वेटरवर उतरली, आणि ती तिथेच होती, डावा हात चौकटीवर ठेवून. एका फोटोत तेवढा तो हात कपाळावर गेला होता, ऊन डोळ्यांवर येत असावं. पुढच्यात तो परत चौकटीवर होता. त्याने पडद्यावर तिचे डोळे मोठे करून पाहिले. ती कॅमेऱ्यात बघत नव्हती. तिची नजर जराशी बाजूला होती, स्टँडच्या उजव्या हाताला, जिथे तो उभा असे. शेवटच्या फोटोपर्यंत. तो सामान आवरायला लागला असेल तेव्हाच ती आत गेली असणार.

खुर्चीत बसून त्याला त्या दिवशीची संध्याकाळ आठवली, म्हणजे तिच्यात आठवण्यासारखं काही होतं हे आता कळलं. तो घरी आला तेव्हा तिने पाणी गरम करून बादलीत ओतून ठेवलं होतं. "पाय बुडवून बस जरा," ती म्हणाली होती. "सकाळभर एका जागी उभा होतास. दुखत असतील." तो म्हणाला होता, "सवय आहे." पण पाय बुडवले होते. पाणी फार छान होतं. ती समोर बसून स्वतःच्या पोटऱ्या दाबत होती, आणि का, हे त्याने विचारलं नव्हतं. हे सगळं त्याला लख्ख दिसलं, बादलीचा निळा कानसुद्धा, आणि तरी छातीत काही हललं नाही. त्याला स्वतःची भीती वाटली. त्याने शेजारची बंद खिडकी उचलली, तिच्यावर ठेवली, सावली जुळवली आणि ठिगळ छापायला पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी तो मावशींकडे गेला. त्यांनी गावाबाहेर एका नव्या इमारतीत खोली घेतली होती. लिफ्ट होती, दिवे भरपूर होते, आणि खिडकीची काच उघडायची सोय नव्हती. मेणाचा वास मात्र तोच होता.

"ये. बस. त्या खुर्चीवर नको, तिथे कोणाचे तरी दात आहेत."

तो स्टुलावर बसला. काय विचारायचं ते त्याने वाटेत नीट ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "मावशी, त्या सकाळी तिला दुखत होतं का?"

"कुठल्या सकाळी?"

"मी खाली फोटो काढत होतो त्या."

मावशींनी चष्मा कपाळावर चढवला. "तेव्हा कुठलं दुखणं? ठणठणीत होती. उगाच काहीतरी खोदून काढू नकोस. त्या दिवशी तिने माझी एक कवळी वाया घालवली एवढं मात्र खरं. मेण गरम करायला ठेवलं आणि जी खिडकीशी गेली ती गेलीच. मी दोनदा ओरडले."

"काय करत होती?"

"तुला बघत होती. दुसरं काय आहे त्या रस्त्यावर बघण्यासारखं? मी म्हटलं, अगं, मग हाक मार, वर बोलाव, चहा टाकते. तर म्हणाली, नको मावशी. घरी हा इतका वेळ एका जागी सापडत नाही. बघू दे मला जरा." मावशींनी टेबलावरचा एक साचा हातात घेतला. "मग म्हणाली, मानेला केवढा काळा पडलाय बघा, एक टोपी घेऊन द्यायला हवी. आणि तू उभा टोपीवाल्याच्या दारात, आणि दुकान बंद. त्यावरून हसत सुटली. मी म्हटलं, वेडी आहेस. म्हणाली, असू दे."

बोलता बोलता मावशींचे डोळे भरून आले. त्यांनी हातातला साचा खाली ठेवायला जागा शोधली, ती सापडेना, म्हणून त्याने तो आपल्या हातात घेतला. कोणा अनोळखी माणसाच्या तोंडाचा ठसा. तो जपून धरून मावशींचं रडणं आटपेपर्यंत तो बसून राहिला. आपल्याकडे इतकं बघण्यासारखं काय होतं, हे त्यांना विचारावं असं त्याला फार वाटलं. पण ते सांगणारं माणूस आता नव्हतं, आणि मावशींना काय माहीत असणार.

ठिगळ लावायला त्याने स्वतः जायची गरज नव्हती. दोरवाला, म्हणजे कापडं टांगणारा माणूस, असली कामं एकटा करत असे. तरी गुंडाळी काखेत मारून तो परांचीच्या शिडीने चढला. पहिल्यांदाच. इतक्या इमारतींची कापडं केली, पण कापडामागे तो कधी गेला नव्हता. आत इमारत नव्हतीच. पुढची भिंत तेवढी उभी होती, आणि तिच्यातल्या खिडकीतून मागे खोल खड्डा आणि वर मोकळं आकाश दिसत होतं. भिंतीच्या आतल्या अंगाला मजल्यामजल्याचे जुने रंग उरले होते, तिसऱ्यावर मावशींच्या खोलीचा फिकट पोपटी. त्याने खिडकीकडे पाठ केली आणि कापडाकडे तोंड केलं. मागून कापड पांढरंच होतं, पण उन्हामुळे पलीकडचे रंग पुसट उमटले होते, आणि त्यात ती उभी होती, उलटी, उजवा हात चौकटीवर. त्याच्याइतकीच उंच. जाळीतून खाली टोपीवाल्याची पायरी दिसत होती. फार जवळ होती. साध्या आवाजात हाक मारली असती तरी पोचली असती.

बाहेरच्या बाजूला दोरवाला लोंबकळत आला. त्याची सावली तिच्या शेजारी पडली.

"साहेब, ही बाई ओळखीची आहे काय?"

"माझी बायको आहे."

दोरवाल्याने पाय टेकवून झोका थांबवला. "मग काढताय कशाला?"

मालक, पाहुणे, नियम, हे सगळं मनात येऊन गेलं आणि त्यातलं एकही सांगण्यासारखं वाटलं नाही. "ती आता इथे कामाला नाही," तो म्हणाला.

"लावू मग?"

"लाव."

त्याने गुंडाळी कापडाच्या कडेने पलीकडे दिली आणि जाळीच्या बारीक भोकांतून ती उलगडताना पाहिली. चिकटवायच्या सोल्यूशनचा उग्र वास आला. ब्रश कापडावरून फिरला तसं कापड आत दबलं. "असं नाही जमायचं," दोरवाला म्हणाला. "आत जातंय. मागून तळहात टेकवा तुम्ही. घट्ट दाबून धरा, नाहीतर ठिगळ धरत नाही."

त्याने हात टेकवला. तो तिच्या खांद्यावर पडला. कापड उन्हाने तापलं होतं आणि ती ऊब त्याच्या तळहाताला कळली. नुसती कळली नाही, वर मनगटापर्यंत आली. कित्येक दिवसांत त्याला कशाचाही स्पर्श असा लागला नव्हता. पलीकडून दोरवाल्याचा हात ठिगळ दाबत दाबत सरकत आला, आधी तिच्या तोंडावरून, मग गळ्यावरून, आणि जिथून तो जाई तिथला रंग या बाजूने जात होता. कापडावर कापड आलं होतं, ऊन अडत होतं. डोळे गेले. चौकटीवरचा हात गेला. शेवटी त्याच्या तळहाताखालचा स्वेटर गेला, आणि मग तिथे साधं पांढरं कापड होतं. ती गेली. सहा महिने सगळे त्याला जे सांगत होते ते त्याला आत्ता, या फळीवर कळलं, आणि आपण तिच्याकडे इतका वेळ, असं उभं राहून, कधीच बघितलं नाही हेही कळलं. एकदासुद्धा नाही.

"झालं. सोडा हात," पलीकडून आवाज आला.

त्याने सोडला नाही.

"साहेब, धरलंय ठिगळ. सोडा आता."

"नाही धरलं," तो म्हणाला. "अजून नाही धरलं." आणि म्हणता म्हणता त्याच्या लक्षात आलं की आपण रडतो आहोत, खालच्या रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, आणि खाली एकदोन माणसं थांबून बंद खिडकीकडे बघत आहेत. दोरवाल्याने ब्रश डब्यात ठेवला आणि पलीकडून आपलाही हात तिथेच दाबून धरला.